कंस

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी काकू आल्या तेव्हा मी ओसरीवर लॅपटॉप मांडून बसलो होतो. ऊन कोवळं होतं, तुरीवरून येणारा वारा गार होता आणि मागच्या खोलीत पहिल्या वेचणीचा कापूस छताला टेकला होता. ताज्या कापसाचा एक वास असतो. ऊन, धूळ आणि सरकीचं थोडंसं तेल एकत्र झाल्यासारखा. काकू तोच वास घेऊन आल्या. कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली, पदराला कापसाचे धागे, बोटांच्या पेरांवर बोंडाच्या टोकांनी ओरखडलेलं. हातात काकांचा जुना बटनांचा फोन होता, मागचं झाकण निघू नये म्हणून रबर लावलेला. “बाबू, हे वाच बरं,” त्या म्हणाल्या. “पोरगं म्हनते यायच्या नावानं आलं.”

मला वाचायची गरज नव्हती. तो मेसेज मीच लिहिला होता. आदल्या रात्री नऊ वाजता, गावोगावच्या सभासदांना एकदम गेलेला. आधी ‘श्री.’, मग नाव, मग: आपला कापूस उद्या सकाळी ९ वाजता काट्यावर आणावा. काका तान्ह्या पोळ्याच्या सकाळी गेले, २०२४ साली. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती आणि गाडी यायच्या आतच काकांचं सगळं संपलं होतं. त्या गोष्टीला चौदा महिने झाले होते.

मी म्हणालो, “चूक झाली काकू. आत्ता नाव काढतो.”

काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला. “नाव काहाडू नको असं म्हनत नाई मी,” त्या म्हणाल्या. “पन मंग माहं कुठी लिवतं, ते सांग.” आणि वेचणीच्या बाया थांबल्यात म्हणून निघून गेल्या. मी लॅपटॉप मिटून बराच वेळ तसाच बसलो.

राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव. पुण्यात आठ वर्षं नोकरी केल्यावर मी परत आलो. शेत आहे, आणि उरलेल्या वेळात बाहेरची कामं करतो. आसपासच्या दहा गावांतल्या शेतकऱ्यांची एक उत्पादक कंपनी आहे. तिची सभासदांची यादी, उधारीवर दिलेलं बियाणं, काट्यावरच्या पावत्या हे सगळं सांभाळणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. काका कंपनीचे पहिल्या दिवसापासूनचे सभासद. ते गेल्यावर त्यांचं नाव यादीतून मीच काढलं होतं. ‘काढून टाका’ हे बटन मी दाबलं, ‘नक्की?’ असं प्रोग्रॅमनं विचारलं, तो प्रश्नही मीच कधीतरी लिहिलेला, आणि मी ‘हो’ म्हणालो. ते दाबताना बोट क्षणभर थबकलं होतं हे मला अजून आठवतं. ज्या माणसाच्या बैलबंडीत बसून मी शाळेत गेलो, त्याची ओळ पडद्यावरून नाहीशी झाली.

पडद्यावरून. डेटाबेसच्या टेबलातून नाही.

आमच्या कामात याला सॉफ्ट डिलीट म्हणतात. ओळ पुसायची नाही, तिच्या शेजारच्या रकान्यात काढल्याची तारीख आणि वेळ लिहायची. त्या रकान्याचं नाव बहुतेक ठिकाणी ‘डिलीटेड अॅट’. रकाना रिकामा म्हणजे माणूस यादीत आहे, भरलेला म्हणजे नाही. यामागं कारण आहे. काकांच्या सहा हंगामांच्या काटापावत्या त्यांच्या ओळीकडे बोट दाखवून उभ्या आहेत. ओळच खरवडून काढली तर डेटाबेस एकतर काढू देत नाही, नाहीतर त्या पावत्या निराधार होतात. अमुक क्विंटल कापूस आला, पण कुणाचा ते कुठंच नाही. म्हणून प्रोग्रॅम लिहायच्या बहुतेक तयार साधनांत ही सोय केलेली असते. लाराव्हेलमध्ये ती आहे, हायबरनेटनं ती ६.४ या आवृत्तीत स्वतःत घेतली, जँगोत मुळात नसल्यानं लोक आपापली लिहून घेतात, आणि सीक्वेलाइझमध्ये तिचं नावच ‘पॅरानॉइड’ आहे. संशयानं पछाडलेला. ते नाव ठेवणाऱ्याला काहीतरी कायमचं हरवल्याचा अनुभव असणार, असं मला नेहमी वाटतं.

काढलेली ओळ लपवण्याचं काम मात्र आपण करत नाही. प्रोग्रॅमची भाषा वेगळी, डेटाबेसची वेगळी. मध्ये एक दुभाषी बसलेला असतो, ओआरएम. आपण त्याला म्हणायचं ‘सभासद दे’. तो ते डेटाबेसच्या भाषेत मांडतो आणि आपण न सांगता शेवटी एक शेपूट जोडतो: ‘आणि डिलीटेड अॅट रिकामं असलेले’. हे शेपूट डोळ्याला दिसत नाही, म्हणून महिन्याभरात आपण ते विसरतो. मीही विसरलो होतो.

त्या रात्री लाइट साडेदहाला गेली ती साडेबाराला आली. तोवर मी अंधारात काकूंचं वाक्य ऐकत पडलो होतो. लाइट आल्यावर ओआरएम खरोखर काय बोलतो ते छापून घेतलं, आणि एक ओळ तीनतीनदा वाचली. मी मागितलं होतं ते साधं होतं. पहिल्या दिवशी काटा आमच्या गावासाठी, आणि ज्यांच्याकडे बियाण्याची उधारी राहिली आहे तेही त्याच दिवशी, गाव कुठलंही असो. म्हणजे, गाव आमचं किंवा उधारी बाकी. त्यापुढं ओआरएमनं शेपूट जोडलं होतं. छापून आलेली ओळ अशी होती: गाव आमचं किंवा उधारी बाकी आणि डिलीटेड अॅट रिकामं. शाळेत गुणाकार आधी आणि बेरीज नंतर शिकवतात, तसा डेटाबेसच्या भाषेत ‘आणि’ आधी बांधला जातो, ‘किंवा’ नंतर. त्यामुळं ‘रिकामं असावं’ ही अट फक्त उधारीवाल्यांना चिकटली. ज्याचं गाव आमचं, त्याला कुठलीच अट उरली नाही. बाकीच्या नऊ गावांतून फक्त हयात माणसं बोलावली गेली. आमच्या गावातून सगळी.

ऑक्टोबरात हंगामाच्या आधी मी त्या दुभाष्याची, म्हणजे ओआरएम लायब्ररीची, नवी आवृत्ती चढवली होती. जुनी आवृत्ती शेपूट जोडण्याआधी माझ्या अटींभोवती कंस घालत होती. नव्या आवृत्तीत आतली मांडणी बदलताना तो कंस गळाला. दोन चिन्हं, एक उघडणारं, एक मिटणारं. काढलेला सभासद साध्या यादीत दिसत नाही, याची चाचणी मी लिहून ठेवली होती आणि ती हिरवी होती, म्हणजे पास. ‘किंवा’ असलेल्या प्रश्नाची चाचणी लिहिली नव्हती. ती रात्री लिहिली, ती लाल झाली, माझ्या बाजूनं कंस घातला, ती हिरवी झाली. लायब्ररी सांभाळणाऱ्यांना सगळं नीट मांडून कळवलं. त्यांनी चूक मान्य केली आणि पुढच्या दुरुस्तीत कंस परत आला. माझं काम इथं संपायला हवं होतं.

पण माझ्यापुढं अकरा नावं होती. चार जण कंपनीतल्या भागाचे पैसे परत घेऊन बाहेर पडलेले, सात वारलेले. त्या सातांत मला विहिरीत पोहायला शिकवणारा माणूस होता. पोळ्याला गावातल्या सगळ्या बैलांची शिंगं रंगवणारे आजोबा होते. शाळेत खिचडी शिजवायची ती आजी होती, जिच्या हाताला कायम फोडणीच्या हळदीचा पिवळेपणा असायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातही घरी गेलो. तीन ठिकाणी मेसेज कुणी पाहिलाच नव्हता, जुना नंबर बंद पडलेला. एका घरी मुलीनं तो तसाच ठेवला होता, पुसू देत नव्हती. पोहायला शिकवणाऱ्याच्या घरी त्याच्या थोरल्यानं मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं. “बाबा मेला हे दाखोता दाखोता आमचं वरीस गेलं,” तो म्हणाला. “बँकेत, तालुक्याले, विम्यात. आन् तू त्यायले काट्यावर बलावून रायला.” त्याचं बरोबर होतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. परतताना रस्त्याच्या कडेला पऱ्हाटीची दुसरी फूट पांढरी झाली होती आणि मला ती बघवेना.

घरी आल्यावर मी पत्र्याची पेटी उघडली. त्यात आजोबांच्या काळचे हातानं लिहिलेले सातबाऱ्याचे उतारे आहेत. कागद घडीवर फाटलेले, डांबरगोळीच्या वासाचे, निळी शाई कडेला जांभळी पडलेली. लहानपणी ते मी भावंडांना वाचून दाखवायचो, कारण घरात माझंच अक्षर चांगलं, म्हणून वाचनही चांगलं असणार असं आजीला वाटे. पणजोबांचं नाव, त्याच्या दोन्ही बाजूंनी कंस. खाली आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ, शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. त्या दोन भावांपैकी एकाच्या नावालाही पुढं कंस. “नावाला कंस पडला” असंच आमच्याकडं म्हणतात. माणूस गेला की तलाठी नाव खरवडत नाही, त्यावर शाईही ओतत नाही. कंस करतो. जमीन कुणाकडून कुणाकडं आली हे पुढच्याला वाचता यायला हवं. आता उतारे संगणकातून निघतात, पण कमी झालेलं नाव अजूनही कंसातच दिसतं. लहानपणी मला वाटायचं, पणजोबांना कुणीतरी दोन्ही हातांनी धरून ठेवलं आहे.

डिलीटेड अॅट हा रकाना शोधून काढणारा माणूस कोण होता मला माहीत नाही, पण आमच्या तालुक्यातला तलाठी तेच काम बोरूनं करत होता. फरक एकच, आणि तो मला त्या दिवशी पेटीपुढं बसल्यावर दिसला. तलाठी नावाला कंस घालतो तेव्हा त्याच फेरफारानं खाली दुसरं नाव लिहितो. एकाच नोंदीत जाणं आणि येणं. मी काकांचं नाव काढलं, तेव्हा खाली काहीच लिहिलं नव्हतं. माझ्या पडद्यावर तशी जागाच नव्हती. काकूंनी नेमकं तेच विचारलं होतं.

म्हणून काकूंना सभासद करून घ्यायचं मी ठरवलं. त्यांचं नाव टाकलं, आधार टाकला, मोबाईलचा नंबर टाकला. डेटाबेसनं नकार दिला: हा नंबर आधीच नोंदलेला आहे. मी यादीत शोधलं, नंबर कुठंच नाही. मग उमगलं. फोन काकांचाच. एका नंबरावर एकच सभासद, हा नियम मी घातलेला, आणि तो नियम डेटाबेस स्वतः पाळतो, दुभाष्याला न विचारता. डेटाबेसला शेपूट ठाऊक नाही. त्याच्या लेखी काका तिथंच होते, दिसत नव्हते पण जागा अडवून होते. हा दोष त्या लायब्ररीचा नव्हता, माझा होता. सॉफ्ट डिलीट करणारे बहुतेक जण इथं एकदा तरी अडखळतात. काही जण नंबर आणि काढल्याची वेळ या दोन्हींची मिळून जोडी एकमेव ठेवतात आणि फसतात. रिकामा रकाना दुसऱ्या रिकाम्या रकान्याएवढा धरला जात नाही, त्यामुळं एकाच नंबराचे दोन हयात सभासद बिनदिक्कत आत येतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये याला सरळ उत्तर आहे: ज्यांचा डिलीटेड अॅट रिकामा, तेवढ्याच ओळींपुरता नियम लावायचा. मी तसं केलं. नंबर सुटला.

मग फॉर्म गट क्रमांकापाशी अडला. सभासद शेतकरी हवा, शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव हवं. सातबाऱ्यावर काकाच होते, कंसाशिवाय.

म्हणजे काका माझ्या यादीत वारलेले, बँकेत वारलेले, आणि सातबाऱ्यावर हयात. प्रत्येक वहीचं मरण वेगळं. २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली होती, आधी आमच्याच विदर्भात बुलढाण्याला आणि मग एप्रिलपासून राज्यभर, वारलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. गावात तेव्हा पंधरा-वीस घरांची कामं झाली. काकूंचं राहिलं, कारण मृत्यूच्या दाखल्यावर काकांचं शाळेतलं नाव होतं आणि सातबाऱ्यावर घरचं. आमच्याकडं अर्ध्या गावाची ही गत आहे. पाळण्यात एक नाव, हाकेला दुसरं, कागदावर लिहिणाऱ्याला ऐकू आलं ते तिसरं.

आणि त्याची किंमत क्विंटलमागं मोजता येते. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या त्या हंगामात ८११० रुपये होता. सरकारी खरेदीला नोंदणी लागते, नोंदणीला आधार आणि सातबारा लागतो, पैसे बँक खात्यातच येतात. ज्याच्या नावावर शेत नाही त्यानं वेचलेला कापूस दारात येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला द्यायचा, तो म्हणेल त्या भावानं, त्याच्याच वजनकाट्यानं. काकूंनी पहिली वेचणी तशीच दिली. मी कंस घातला त्याच आठवड्यात. माझा प्रोग्रॅम दुरुस्त झाला होता आणि त्यानं काकूंचं पाच पैशांचंही भलं झालं नव्हतं, हे मला आजही टोचतं.

आईला हे सांगितलं तेव्हा ती चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, “लक्ष्मीमुक्तीच्या वक्ती तिचं नाव लागलं असतं तं आज हे झालंच नसतं.” १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं ती मोहीम काढली होती: घरच्या लक्ष्मीचं नाव सातबाऱ्यावर लावा, जमिनीचा तुकडा तिच्या नावे करा. संघटनेचे नेते शरद जोशी गावोगाव फिरले. बाबांनी दोन एकर आईच्या नावे केली ती तेव्हा, आणि आमच्या घरात त्याचा अभिमान अजून आहे. काका तेव्हा म्हणाले होते, आमच्यात कशाले लागते कागद. ते प्रेमानंच म्हणाले असतील. पण काकू पस्तीस वर्षं ज्या शेतात निंदत, वेचत आल्या, त्याच्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव कधी आलंच नाही. न आलेल्या नावाला कंससुद्धा पडत नाही. आमच्या तालुक्यातच रावेरीला सीतेचं मंदिर आहे. त्याचा जीर्णोद्धार संघटनेनंच केला. सीता दोन लेकरं घेऊन तिथं राहिली, तिनं गावाकडं मूठभर गहू मागितला, गावानं दिला नाही, अशी गोष्ट आजी सांगायची. काकू दर वर्षी पहिल्या वेचणीच्या आधी तिथं जाऊन येतात. काय मागतात ते मी कधी विचारलं नाही.

पुढचे दोन महिने मी काकूंना मोटारसायकलवर बसवून तालुक्याला नेत होतो. एकच माणूस, दोन नावं, याचं प्रतिज्ञापत्र. मग तलाठ्याकडं वारसाचा अर्ज. गाव नमुना ६-क मध्ये वारस, मग फेरफार, मग नोटीस आणि हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. त्या पंधरा दिवसांत काकूंच्या दिरानं दोनदा येऊन सुचवलं की दोन्ही लेकी सासरी सुखात आहेत, त्यांचं हक्कसोड करून टाका, कागद सुटसुटीत होईल. काकू चहा गाळत होत्या. “लेकीची नावं बी राहू दे,” त्या म्हणाल्या. “त्यायले मांगून कुठी लिवता?” दीर चहा न घेता गेला.

मधल्या काळात मी पडदा बदलला. आता ‘काढून टाका’ दाबलं की प्रोग्रॅम आधी विचारतो: यांच्या जागी कोण? उत्तर लगेच द्यायची सक्ती नाही, पण ते येईपर्यंत नाव कंपनीच्या बैठकीत दर महिन्याला वर येतं, आणि कुणीतरी त्या घरी जाऊन दाखला, सातबारा बघून येतं. त्या सात घरांपैकी तीन घरांत अजून सातबारा जुन्याच नावावर आहे.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी नवा उतारा मिळाला. मी तो काकूंच्या शेताच्या बांधावरच घेऊन गेलो. तिसरी वेचणी चालू होती, पऱ्हाटीची पानं वाळून खडखडत होती, बायांच्या ओट्या भरत आल्या होत्या. काकूंनी हात पदराला पुसले आणि कागद उलटा धरला. मी सरळ करून दिला. “हे काय काहाडलं त्यायच्या भवताल?” मी म्हणालो, कंस. मग त्यांचं बोट धरून खाली आणलं: ह्या तुम्ही, हा पोरगा, ह्या दोघी लेकी. त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं, काकांच्या नावापासून. मग कागदाची घडी केली, मृत्यूच्या दाखल्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी ओटीत खोचली आणि उरलेली ओळ धरून वेचायला लागल्या.

परवा त्यांच्या फोनवर काट्याचा मेसेज गेला. नंबर तोच. पाठवण्याआधी मी यादी एकदा डोळ्यांनी वाचली, आमच्या गावाची, शेवटच्या नावापर्यंत.